ते शंभूचं हाय

निमगाव केतकी,
४ फेब्रुवारी

शंभूभाऊजी,

नमस्कार. तुमचा फोन लागत नाही. आधी तुमच्या दादांचा नंबर ब्लॉक केलात, मग आत्यांचा, म्हणजे सख्ख्या आईचा, आता माझाही. वेरावळचा हा पत्ता मी तुमच्या कंपनीत फोन करून मिळवला. ज्याने दिला त्याच्यावर रागावू नका, मी फारच मागे लागले होते. आणि मजकूर वाचण्याआधी पाकीट फाडू नका.

काम एकच आहे. रस्त्यात गेलेल्या जमिनीच्या पैशाचे मामांनी जाण्याआधी दोन वाटे केले. दादांचा वाटा बारामतीच्या ठिबकच्या दुकानात गेला, ते तुम्हाला माहीत आहे. तुमचा वाटा इंदापूरच्या बँकेत आत्यांच्या आणि ह्यांच्या जोडखात्यात आहे. मामांच्या तेराव्याच्या दिवशी तुम्ही अंगणात चार माणसांसमोर म्हणालात, "दादाच्या हातात माझा पैसा म्हंजी बोक्याकडं दुधाची राखण." आणि पिशवी उचलून गेलात. त्यानंतर त्या पैशाबद्दल घरात कुणी शब्द काढलेला नाही.

आता तो घेऊन जा. तुमच्या खात्याचा नंबर तेवढा कळवा, आत्या आणि हे सही करून पाठवतील. आत्यांचं वय झालं, कागदपत्रं वेळेत झालेली बरी. दुसरं काही कारण नाही.

घरी सगळं ठीक आहे. पानमळा यंदा चांगला आहे. आत्या अजून सकाळी खुडणीला बायकांच्या आधी मळ्यात असतात. आमची श्रेया काकावर गेली आहे, तुमच्याएवढी उंच होणार असं दिसतंय.

नंबर या आठवड्यात कळवलात तर फार बरं होईल.

— प्राची


निमगाव केतकी,
२६ फेब्रुवारी

शंभूभाऊजी,

तुमचं उत्तर नाही. पत्र पोचलं असणार, पोचपावतीवर तुमची सही आहे.

दुसरं काही कारण नाही असं मी लिहिलं होतं. कारण आहे. आता नीट सांगते, म्हणजे तुम्ही नंबर तरी द्याल.

वडगाव निंबाळकरचे विजयसिंह म्हणून एक बागायतदार आहेत. दुकानाचं जुनं गिऱ्हाईक. गेल्या वर्षी नळ्या घ्यायला आले आणि बिल होईपर्यंत फोनमध्ये बघत बसले. ह्यांनी विचारलं तर म्हणाले, क्रिप्टो, फोनमधली नाणी. हे आधी हसले. मग महिनाभर नुसतं बघत राहिले. मग आमच्या बचतीतले थोडे घातले. तुम्हाला दादांचा स्वभाव माहीत आहे, पंपाला हात लावायचा तर आधी तीन दिवस त्याच्याभोवती फिरणार. इथंही तसंच. उगाच उडी मारली नाही, हे मला तुम्हाला सांगायचं आहे.

मला त्यांनी समजावलं ते असं. वीस रुपयांचा माल घ्यायचा, त्यातला एक रुपया आपला, एकोणीस त्यांचे. भाव पाच टक्के वर गेला की आपल्या एका रुपयाचे दोन झाले. मी म्हटलं, आणि पाच टक्के खाली आला तर? तर म्हणाले, आपला रुपया गेला. आणि तेवढंही खाली यावं लागत नाही. आपला रुपया पूर्ण संपायची वाट ते बघत नाहीत, कारण त्यांच्या एकोणिसातला एक पैसाही त्यांना गमवायचा नसतो. म्हणून थोडं अलीकडेच एक भाव ठरलेला असतो. फोनवर तो लाल रेषेने दिसतो. भाव त्या रेषेला टेकला की सगळा माल आपोआप विकला जातो. त्याला लिक्विडेशन म्हणतात.

मी विचारलं, "मग कोण येतं?"

"कुणी न्हाय येत," ते म्हणाले.

भाऊजी, मी त्या दिवशी भाजी चिरायची थांबले. आपल्याकडे पतपेढीचं थकलं तरी साहेब येतो, ओट्यावर बसतो, चहा घेतो, आपण हात जोडतो, पुढची तारीख मिळते. इथं हात जोडायला कुणी समोरच नाही. आत्यांनाही ते पटेना. त्यांनी विचारलं, ह्या दुकानाचा मालक बसतो कुठं? हे म्हणाले, मालकच न्हाय आई, सगळ्या जगातली माणसं एकाच येळी घेत्यात आन् विकत्यात. आत्या बराच वेळ फोनकडे बघत राहिल्या. आकडा हलत होता, सारखा, एक क्षणही न थांबता. मग त्यांनी पदर सावरला आणि फोनला नमस्कार केला. आम्ही हसलो. पण मला खरं विचाराल तर मलाही तसंच वाटायचं. पोळपाटाशेजारी फोन ठेवलेला, त्यात कुठल्या कुठल्या देशांतली लाखो माणसं, आणि त्यांच्यात आपले निमगावचे लखन.

दिवाळीपासून ते वाढत गेलं. दीड लाखाचे पाच, पाचाचे बारा, बाराचे तीस. मी आकडे लिहिते आहे कारण तुम्हाला नाहीतर कळणार नाही की घरात काय झालं असेल. घर मुकं झालं. कुणी मोठ्याने बोलेना. बारामतीचा दुकानाचा गाळा भाड्याचा आहे, तो विकत घ्यायचं ह्यांच्या मनात आलं. मालकाने तोंडी होकारही दिला. त्यासाठी आणखी थोडे हवेत, म्हणून ह्यांनी आता सगळेच्या सगळे एका नाण्यावर लावले आहेत. भाव वर जाणार याची त्यांना खात्री आहे.

आता मी तुम्हाला का लिहिते ते. भाव खाली यायला लागला तर वाचायचा एकच रस्ता असतो. आणखी पैसे घालायचे. जितके घालाल तितकी ती लाल रेषा खाली सरकते. आणि तुमचा वाटा ज्या खात्यात आहे ते खातं त्याच फोनमध्ये आहे.

मी माझ्या नवऱ्यावर संशय घेते असं समजू नका.

घेते. म्हणून लिहिते. नंबर कळवा.

— प्राची


निमगाव केतकी,
१९ मार्च

शंभूभाऊजी,

तुम्ही नंबर कळवला नाहीत. बरं झालं की वाईट, ते हे पत्र वाचून तुम्हीच ठरवा. मला ठरवता येत नाही.

गेल्या शुक्रवारी हे दुकानात गेले नाहीत. भाव सकाळपासून उतरत होता. एकदम नाही, पाणी ओसरतं तसा हळू. जेवणं झाली तेव्हा ह्यांनी दुकानाच्या खात्यात जे आपलं स्वतःचं होतं ते घातलं. रेषा बोटभर खाली गेली. भाव तिच्या मागोमाग खाली आला.

आम्ही माजघरात बसलो होतो. फोन पाटाला टेकवून उभा केला होता. विजयसिंहांचा फोन आला. ते म्हणाले, मी बायकोचं सोनं ठेवून पैसे टाकले, तुमीबी टाका लखनराव, ही घसरण टिकायची न्हाय. हे एवढंच म्हणाले, बघतो.

मग त्यांनी बँकेचं ॲप उघडलं.

मी दाराला टेकून उभी होते. मला पडदा दिसत होता. तुमचा आकडा दिसत होता, व्याज धरून. मी तुम्हाला खरं सांगते, इतके दिवस ज्याची भीती वाटत होती ते समोर आलं आणि मी मनात म्हटलं, टाका. एकदाच. संध्याकाळी परत ठेवू. मी तोंडाने बोलले नाही, पण माझं मन ओरडत होतं.

आत्या मळ्यातून आल्या. हाताला पानांचा ओला वास. आमची तोंडं बघून त्यांनी विचारलं काय झालं. ह्यांनी लपवलं नाही. सगळं सांगितलं, रेषा दाखवली, कुठल्या पैशाने ती खाली जाईल तेही सांगितलं. आत्या खाली बसल्या आणि म्हणाल्या, "मग घी की. माझं नाव हाय त्या खात्यावर. मी म्हंते, घी. सांजच्याला परत ठिव."

"सांजच्याला असलं तर ठिवीन," हे म्हणाले. "नसलं तर?"

"शंभूला मी सांगन. माझं पोरगं हाय ते. माझ्यावर रागवंल, तुझ्यावर न्हाय."

ह्यांचा अंगठा पडद्याच्या वर होता, टेकलेला नव्हता. बाहेर श्रेया कुणाशी तरी लंगडी खेळत होती. भाव आणखी उतरला, रेषेच्या अगदी डोक्यावर आला.

मग ते आत्यांकडे वळून म्हणाले, "आई, ते शंभूचं हाय."

मोठ्याने नाही म्हणाले. एखादी वस्तू कुणाची आहे हे सांगावं, तसं. आणि त्यांनी बँकेचं ॲप बंद केलं. फोन पाटावरून काढून जमिनीवर आडवा ठेवला आणि दोन्ही हात मांडीवर घेतले. आम्ही तिघं त्या फोनभोवती बसलो. मी आयुष्यात माणसाला असं बसलेलं पाहिलं नाही, भाऊजी. पळायचा रस्ता हाताशी असून बसलेला.

आणि मग ते झालं. मला वाटलं होतं काहीतरी होताना दिसेल. काहीच दिसलं नाही. भाव एकदम खड्ड्यात पडावा तसा खाली गेला. एकाचा माल विकला गेला म्हणून भाव पडतो, भाव पडला म्हणून दुसऱ्याची रेषा लागते, त्याचा माल विकला जातो म्हणून तिसऱ्याची. पावसात वरच्या शेताच्या तालीला भगदाड पडलं की खालच्या सगळ्या ताली जातात, तसं. त्या घटकेत जगात किती जणांची घरं त्यात वाहून गेली असतील, देव जाणे. आमचं त्यातलं एक. पडद्यावर दोन ओळी आल्या, इंग्रजीत, अगदी अदबीने लिहिलेल्या, की तुमचा व्यवहार बंद करण्यात आला आहे. खाली आकडा होता तिथं शून्य होतं. चुलीवरचं दूध उतू जायलासुद्धा जास्त वेळ लागतो.

मी बाहेर बघितलं. विहिरीवरची मोटार चालू होती. श्रेया लंगडी घालत होती. कुणाला काही कळलं नव्हतं.

मी चहा ठेवायला उठले. काहीतरी करायला हवं म्हणून. चहाला उकळी फुटायच्या आत ह्यांनी मला हाक मारली आणि फोन पुढे केला. भाव परत वर आला होता. जिथून पडला तिथं येऊन उभा होता, आणि मग त्याच्याही वर चालला. संध्याकाळपर्यंत तो सकाळच्या भावाच्या पुढे होता. दुसऱ्या दिवशी ह्यांनी जेवढा सांगितला होता तिथं पोचला. त्याच्या पुढे गेला.

म्हणजे ह्यांचं बरोबर होतं, भाऊजी. पहिल्यापासून बरोबर होतं. फक्त तो भाव तिथं पोचला तेव्हा हे त्यात नव्हते.

त्या घसरणीची खूण म्हणून आलेखावर केसासारखी एक बारीक रेघ राहिली आहे, खाली लोंबणारी. ती बोटाने दाखवून हे मला म्हणाले, "आपण हितं व्हतो." आणि नंतर म्हणाले, "भाव मला कळला व्हता, प्राची. तितपर्यंत जायला आपल्यापाशी दम किती, ते न्हाय कळलं."

मी हिशेब मांडून बघितला. ती रेघ आमच्या रेषेच्या थोडीशीच खाली गेली होती. तुमच्या पैशाने रेषा त्याच्या पुष्कळ खाली गेली असती. आम्ही वाचलो असतो. गाळा झाला असता. तुमचे पैसे अंधार पडायच्या आत परत खात्यात गेले असते आणि तुम्हाला जन्मात कळलं नसतं. आत्यांनी सांगितलं नसतं. मी तर नाहीच. एक अंगठा टेकवायचा होता.

मी हे ह्यांना बोलून दाखवलं. दोन दिवस थांबून, जेवताना. म्हटलं, घेतले असते तर वाचलं असतं, हे मनात येत नाही का? ते म्हणाले, येतं की, सारखं येतं. मग भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "पर तवा कुठं म्हाईत व्हतं वाचंल म्हून. तवा तर नुसतं दुसऱ्याचं व्हतं."

विजयसिंहांचं वाचलं. त्यांनी सोनं ठेवून पैसे घातले, ते तरले, आणि नंतर जे वर गेलं त्यात त्यांना एवढं मिळालं की त्यांनी मला आकडा सांगितला नाही. पेढे घेऊन आले होते. ह्यांच्याकडे त्यांना बघवत नव्हतं. ह्यांनी पेढा घेतला, खाल्ला, त्यांना पाणी दिलं, नवीन ठिबकसंचाचं काय झालं ते विचारलं. जाताना विजयसिंह मला दारात म्हणाले, "वहिनी, मी नशिबानं वाचलो. लखनराव काय नशिबावर चालनारं मानूस न्हाय." त्यांना काय म्हणायचं होतं ते मला पूर्ण कळलं नाही. पण ते अजून त्यातच आहेत, ह्यांनी मात्र फोनमधून ते काढून टाकलं.

आमच्यावर कुणाचं देणं नाही. घातलं ते आपलंच होतं. गाळ्याच्या मालकाला ह्यांनी जाऊन सांगितलं की जमत नाही. भाडं चालू राहील. शनिवारी सकाळी हे नेहमीच्या गाडीने बारामतीला गेले, दुकान उघडलं.

तुम्ही अंगणात जे बोललात ते मीही मनात धरून होते. बोललात तुम्ही एकदाच. मी रोज, त्यांच्या ताटात वाढताना, मनात तेच म्हणत होते. आपण दोघांनी त्या माणसाला ओळखलं नाही. मी तर त्याच्या घरात राहते.

ह्यांना ही पत्रं माहीत नाहीत. नंबर कळवायचा तर कळवा. आता घाई नाही. तुमचा वाटा कुठे जात नाही.

— प्राची


निमगाव केतकी,
११ एप्रिल

शंभूभाऊजी,

तुम्ही सुखरूप पोचल्याचा निरोप आत्यांना आला. फोन लागायला लागल्यावर पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण एक गोष्ट तुम्ही बघितली नाहीत आणि ती मला फोनवर सांगता येणार नाही.

तुम्ही न कळवता दारात उभे राहिलात, तेव्हा आत्या रडल्या, मीही रडले, आणि हे तुमची पिशवी घेऊन आत गेले ते बराच वेळ बाहेरच आले नाहीत. रात्री तुम्ही दोघं ओट्यावर बसलात. मी कान देऊन ऐकत होते. तुम्ही मासे गोठवायच्या कोठीबद्दल बोलत होतात आणि हे पाण्याच्या दाबाबद्दल. माझ्या पत्राचा एक शब्द तुम्ही काढला नाहीत. त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे.

मग सोमवारी आत्यांनी घरीच सही करून दिलेला कागद घेऊन आपण इंदापूरला बँकेत गेलो. साहेबांनी विचारलं, सगळी रक्कम वळवायची की काही ठेवायची? तुम्ही दादांकडे बघितलंत. खरं सांगते, त्या वेळी मला वाटलं, तुम्ही आता अर्धी म्हणाल. ह्यांना काही ठेवा म्हणाल. मला तसं हवंही होतं. गाळा डोळ्यांपुढे आला माझ्या.

तुम्ही म्हणालात, "सगळी."

मला क्षणभर वाईट वाटलं. मग मी ह्यांच्या तोंडाकडे बघितलं. भाऊजी, तुम्ही कागदावर तुमच्या खात्याचा नंबर लिहीत होतात, तुम्हाला दिसलं नाही. त्यांचे खांदे खाली आले. डोक्यावरून ओझं उतरवून बांधावर ठेवलेल्या माणसासारखे ते उभे होते. तुम्ही अर्धी ठेवली असती, तर ते पुन्हा तुमचे राखणदार झाले असते. हे तुम्हाला कळलं होतं, मला नाही. तुम्ही दोघं भाऊ आहात हे मला त्या काउंटरपाशी पहिल्यांदा नीट दिसलं.

स्टँडवर पुण्याची गाडी लागली. तुम्ही खिडकीत बसल्यावर खिशातून फोन काढून बघितलात आणि म्हणालात, "दादा, पोचलं सगळं."

हे म्हणाले, "व्हय."

गाडी सुटली. इथपर्यंत तुम्हाला माहीत आहे.

गाडी वळून दिसेनाशी झाली तशी हे बाकावर बसले. मीही शेजारी बसले. निमगावची गाडी यायला वेळ होता. मी काहीतरी विचारलं, बहुतेक श्रेयाला वह्या घ्यायच्या होत्या त्याबद्दल. उत्तर आलं नाही. बघते तर ते झोपले होते. बसल्या जागी, भर दुपारी, इंदापूरच्या स्टँडवर. कंडक्टर ओरडत होते, पेरूवाल्या पाट्या घेऊन खिडक्यांमागे धावत होत्या, कुणाचं तरी मूल रडत होतं. हळूहळू त्यांचं डोकं कलंडलं आणि माझ्या खांद्यावर आलं. लग्नाला पंधरा वर्षं होत आली, चारचौघांत त्यांनी कधी माझा हात धरला नाही.

मला संकोच वाटला. तिथं निम्मी माणसं ओळखीची. दुकानाचं एक गिऱ्हाईक समोरून गेलं, बघून न बघितल्यासारखं केलं. शेजारी सणसरची एक म्हातारी बसली होती, तिने विचारलं, आजारी हायत का? मी म्हटलं, न्हाय. तिने त्यांच्याकडे नीट बघितलं, मग आपलं गाठोडं उचलून मांडीवर घेतलं आणि त्यांचे पाय लांब व्हायला जागा करून दिली.

निमगावची गाडी आली. माणसं चढली. कंडक्टरने माझ्याकडे बघून हाताने विचारलं, येताय का? मी मान हलवून नाही म्हटलं.

गाडी गेली. मग दुसरी आली, तीही गेली. मी उठवलं नाही.

— प्राची